किनाऱ्याला पायवाट हवी

चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याच्या येडेश्वरीकडे दूरदूरच्या गावांहून पायी येणारे भाविक ज्याने पाहिले आहेत, त्याला पदयात्रा ही प्रदेशाशी सख्य जोडण्याची प्राचीन साधना आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. ही साधना आमच्या पठारावरील तरुणांनी सागरतीरीही न्यावी, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे. महाराष्ट्राच्या सुमारे ७२० किलोमीटरांच्या किनाऱ्यावर, वाटाड्यावाचून, तिथीवरून भरती-ओहोटीचे गणित मांडीत आणि आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड येथील खाड्या फेरीबोटीने ओलांडीत दीर्घ पल्ला चालता येईल. उणीव आहे ती सलग, निर्वेध पायवाटेची. वेल्सने २०१२ साली आपल्या किनाऱ्यालगत सुमारे १,४०० किलोमीटरांची अशी वाट खुली केली. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचा विचार करणाऱ्या सरकारने पादचाऱ्याचीही तजवीज करावी: कड्यांवरील वाटांना दिशादर्शक खुणा द्याव्यात, धोक्याच्या जागी फलक लावावेत, आणि ग्रामपंचायतींच्या साह्याने पिण्याच्या पाण्याचा व रात्रीच्या निवाऱ्याचा बंदोबस्त करावा. खर्च अल्प आहे, लाभ चिरंतन आहे. म्हणून हे कार्य शासनाने विनाविलंब हाती घ्यावे.