त्यांचं रसायन, तुझी क्राफ्ट बिअर



गेल्या महिन्यात आमच्या नात्यातला एक मुलगा पुण्याहून वरवे बुद्रुकला आला. आयटीत आहे, हिंजवडीला फ्लॅट आहे. बॅगेतून तपकिरी बाटली काढली आणि म्हणाला, "ताई, ही मी स्वतः घरी बनवलीय. ही दारू नाही, क्राफ्ट बिअर आहे." आई स्वयंपाकघरात होती म्हणून बोलणं मात्र दबक्या आवाजात. दारू नाही तर आवाज का दाबायचा? तिथेच विषय संपायला हवा होता, पण त्याने वाद घातला आणि तोच वाद आपली शिकलेली पोरं हल्ली सगळीकडे घालतात, म्हणून हा लेख.

पहिला मुद्दा, बिअर म्हणजे दारू नव्हे. पंचशील आपण पाठ म्हणतो, पण त्यातले शब्द किती जण उलगडून बघतात? पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन वेगळे शब्द आहेत. विनयपिटकात त्यांचा अर्थ दिलेला आहे. पिठापासून, भातापासून, किण्व घालून केलेली ती सुरा. फुलं, फळं, मध, गूळ यांच्यापासून केलेलं ते मेरय. बार्लीचं माल्ट 65-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, हॉप्स घालून उकळायचं, गार करून यीस्ट टाकायचं, ही तुझी रीत. धान्य आणि किण्व. म्हणजे बिअर ही शब्दशः सुरा आहे, यादीत पहिलीच!

हा नियम कशावरून झाला तेही वाचण्यासारखं आहे. भिक्खू सागत यांनी एका नागाला नमवलं, त्याचं मोठं कौतुक झालं. कोसंबीच्या उपासकांना कुणीतरी सांगितलं की भिक्खूंना दुर्मीळ अशी वस्तू म्हणजे कापोतिका, पारव्याच्या रंगाची निवळ दारू. घरोघरी ती तयार ठेवली गेली. सागत प्रत्येक घरी प्यायले आणि नगराच्या वेशीत कोसळले. साधी नव्हती, खास होती, श्रद्धेने बनवलेली होती. तुमच्या भाषेत क्राफ्टच की.

दुसरा मुद्दा जास्त चलाख आहे. ब्राह्मणी सोवळ्याने बहुजनांचं खाणंपिणं हलकं ठरवलं, मग पिणं हा विद्रोह. ठीक. हातभट्टीवर छापा पडल्याची बातमी आठव. इतके लिटर कच्चे रसायन जागेवर नष्ट, महिलेवर दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा. तिच्या पिंपात आंबतं ते रसायन, तुझ्या बादलीत आंबतं ते वॉर्ट. हातभट्टी ऊर्ध्वपातन करून गाळतात, बिअर गाळत नाहीत, हा फरक मला मान्य आहे. 2015 मध्ये मालवणीत मिथेनॉलने शंभराहून अधिक माणसं मेली, तसं बिअरने होत नाही, हेही मान्य. पण 1949 च्या कायद्याने परवान्याशिवाय घरी बिअर करणाऱ्याला वेगळी सूट दिलेली नाही. गुन्हा दोघांचा. फ्लॅटचं दार मात्र कुणी ठोठावत नाही. कंजारभाटांना 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, 1952 ला ते विमुक्त झाले, तरी पोलिसांची नजर त्यांच्याच वस्तीवर. विद्रोह करायचाच असेल तर तारखेला त्या बाईसोबत कोर्टात जाऊन उभा राहा. (मी हातभट्टीची बाजू घेत नाहीये. तिने उद्ध्वस्त केलेल्या घरांतल्या बायांबरोबर बसणं हेच माझं काम आहे.)

तो म्हणाला, बाबासाहेबांचा दारूबंदीला विरोध होता. होता! शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या 1951 च्या जाहीरनाम्यात तो स्पष्ट आहे. पण कारण काय दिलंय? बंदीमुळे सरकारचा महसूल बुडतो, गुन्हे वाढतात आणि दारू घराघरात बनू लागते. पूर्वी पुरुष दुकानात जाऊन प्यायचे, आता घरातच बनते म्हणून बायका-मुलंही पिऊ लागली, ही त्यांची तक्रार होती. घरी दारू बनवण्याला बाबासाहेबांचा आधार शोधणाऱ्याने निदान तेवढं पान तरी वाचावं. ज्यांनी कायद्याने लादलेली बंदी नाकारली, त्यांनीच 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. बावीसमधली सतरावी. पोलिसावर सोपवलं नाही, तुझ्यामाझ्यावर सोपवलं. आणि त्याआधी 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीरावांनी शहरात दारूची दुकानं वाढवण्याला लेखी विरोध केला होता, तोही याच पुण्यात.

आता खरं दुखणं. 2009 ला पुण्यात डूलाली सुरू झालं, मग मायक्रोब्रूअरींची रांग लागली. (डूलाली हा शब्द आपल्या देवळालीवरून आला. जहाजाची वाट बघत छावणीत वेडे होणाऱ्या गोऱ्या शिपायांवरून.) तिथल्या एका ग्लासात आमच्याकडच्या बाईची दिवसभराच्या खुरपणीची मजुरी जाते. एम.ए.ला बोर्द्यू वाचताना अभिरुची ही वर्गाची खूण कशी असते ते शिकले, ते या बाटलीत दिसलं. ऑफिसात हॉप्सवर बोलता आलं की कुणी आडनाव विचारत नाही, असं तो स्वतःच बोलून गेला. मला राग नाही आला, वाईट वाटलं. आजोबा दारू सोडून माणसात आले आणि नातू माणसात गणलं जावं म्हणून दारू बनवायला शिकतोय.

बाटली रविवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवशील का, असं त्याने जाताना विचारलं. मी म्हटलं, आईला विचार. त्याने ती पुन्हा टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेत तळाशी ठेवली.