हरणांच्या नसबंदीचा न्यूयॉर्कमधील प्रयोग

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने हरणांची वाढ रोखण्यासाठी २०१६ साली बंदुकीऐवजी शस्त्रक्रियेचा मार्ग निवडला. शहराच्या स्टेटन आयलंड या उपनगरी भागात पांढऱ्या शेपटीच्या नर हरणांची नसबंदी सुरू झाली आणि पहिल्याच हंगामात सातशेहून अधिक नरांवर शस्त्रक्रिया करण्यात आली. शहराच्या हद्दीत शिकारीला बंदी असल्याने, आणि हरणे मारण्यास प्राणीप्रेमींचा विरोध असल्याने, हा निर्णय राजकीयदृष्ट्याही सोयीचा होता.

प्रश्न मात्र खरा होता. न्यूजर्सीच्या किनाऱ्यावरून अरुंद खाडी पोहून आलेल्या हरणांना या बेटावर ना लांडग्याचे भय होते, ना शिकाऱ्याचे. २०१४ च्या हवाई पाहणीत ७६३ हरणे आढळली. २०१७ मधील अंदाज दोन हजारांच्या घरात गेला. दोन्ही मोजण्यांच्या पद्धती भिन्न होत्या, हे येथे लक्षात घ्यावे लागेल. बागांची नासधूस एक वेळ सोसता येते. पण रस्त्यांवरील अपघात, वनातील कोवळ्या रोपांचा फडशा आणि लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडींचे हरणांवर होणारे पोषण यांकडे काणाडोळा करणे प्रशासनाला शक्य नव्हते.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप नरांच्या निवडीवर होता. एक सक्षम नर अनेक माद्यांना पुरेसा ठरतो. म्हणजे जवळजवळ सर्व नर हाती लागल्याशिवाय जन्मदर घटत नाही. शिवाय गर्भ न राहिलेली मादी सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. त्यामुळे मीलनाचा काळ लांबून नरांची धावपळ, पर्यायाने अपघात वाढण्याची भीती व्यक्त झाली. उलट बाजूस, नराची शस्त्रक्रिया सोपी व जलद असते. पुढील काही वर्षांत संख्या सुमारे एकपंचमांशाने घटल्याचे शहर प्रशासनाने सांगितले. हे यश नगण्य नव्हे. तथापि नसबंदी केलेले हरिणही रोजचा चारा खातेच. जन्म थांबले तरी रोपांना उसंत मिळण्यास वर्षे लागतात, आणि खाडी पोहून येणाऱ्या नव्या नरासाठी पुन्हा खर्च करावा लागतो.

लाँग आयलंडच्या दक्षिणेकडील फायर आयलंडचा अनुभव अधिक जुना आहे. तेथे १९९३ पासून माद्यांना डुकराच्या बीजांडावरणातील प्रथिनापासून बनवलेली गर्भनिरोधक लस बाणाद्वारे टोचण्यात येत होती. या लसीमुळे तयार होणारी प्रतिद्रव्ये शुक्राणूला बीजांडात शिरू देत नाहीत. मात्र परिणाम टिकवण्यासाठी ती पुन्हा पुन्हा टोचावी लागते. मोकळ्या रानातील तीच मादी दरवर्षी हुडकून काढणे किती कष्टाचे, हे वेगळे सांगायला नको. हा उपक्रम २००९ मध्ये थांबला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने २०१६ मध्ये या बेटासाठी मंजूर केलेल्या आराखड्यात हरणे मारून संख्या कमी करण्याचा पर्याय स्वीकारला, आणि योग्य लस उपलब्ध झाल्यास ती घटलेली संख्या टिकवण्यासाठी वापरता येईल, अशी तरतूद ठेवली.