बहे बेटावर निवांत दोन दिवस? आधी कोयनेचे दरवाजे बघा

निवांत बेट म्हटलं की मालदीव, लक्षद्वीप आठवतं. पण सांगलीच्या वाळवा तालुक्यातही एक बेट आहे, बहे. इथं कृष्णा दुभंगते. मधे रामलिंगाचं देऊळ आणि समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती. त्याने बाहू पसरून कृष्णेचा पूर अडवला, अशी आख्यायिका. म्हणजे पुराची भीती इथं जुनीच.

कारण सोपं आहे. साताऱ्यातली कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि बहे त्याच्या खाली आहे. बेटावर लख्ख ऊन असेल, पण वर पाटण-महाबळेश्वरला धो-धो पाऊस झाला आणि १०५ टीएमसीच्या कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडले, की इथलं पाणी चढतं. धोमचं पाणी वेगळंच. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती.

जून २०२५ मध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चौघांचा जीव गेला. नदीकाठच्या सहलीत हा धोका रीलमध्ये दिसत नाही.

शांतता हवी तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात जायचंच असेल तर निघण्याआधी ‘कोयना विसर्ग’ शोधा. दरवाजे उघडल्याची बातमी दिसली, तर बेत पुढे ढकला.