आत की बाहेर?

निवडणुका जवळ आल्या की आपल्या तालुक्यातालुक्यांच्या बैठकांत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. मोठ्या पक्षात शिरून त्याला समाजवादाकडे वळवावे, की बाहेर राहून त्याच्याशी झुंज द्यावी? पहिल्या मताचे साथी दुसऱ्यांना व्यवहारशून्य म्हणतात. दुसरे पहिल्यांना सत्तेचे भुकेलेले ठरवितात. या वादात कटुता वाढते, विचार मात्र पुढे सरकत नाही. म्हणून आपल्याच चळवळीचा इतिहास शांतपणे तपासणे आवश्यक झाले आहे.

नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता प्रभृती तरुणांनी जी चर्चा केली, तिच्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. हा पक्ष काँग्रेसच्या आत होता. काँग्रेसचा सभासद नसलेल्यास त्यात प्रवेश नव्हता. परंतु त्याला स्वतःची घटना होती, स्वतःचे सभासद होते, स्वतःची अधिवेशने होती. १९३६ मध्ये आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश आणि अच्युतराव यांना नेहरूंनी कार्यकारिणीत घेतले, तरी १९३७ साली प्रांतिक मंत्रिमंडळे स्वीकारण्यास समाजवाद्यांनी उघड विरोध केला. घरात राहूनही त्यांनी आपली चूल वेगळी ठेवली होती, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दाला किंमत होती.

ही वेगळी चूलच पुढे नकोशी झाली. स्वतंत्र घटना व सभासदत्व असलेल्या गटांना काँग्रेसमध्ये स्थान नाही, असा नियम १९४८ च्या आरंभी झाला आणि मार्चमध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडली. त्यानंतर नरेंद्र देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील जागांचे राजीनामे दिले, कारण त्या काँग्रेसच्या तिकिटावर मिळाल्या होत्या. पक्षांतरबंदीचा कायदा व्हायला तेव्हा ३७ वर्षे अवकाश होता. आचार्यांचा पोटनिवडणुकीत पराभव झाला; पण आजच्या आयाराम-गयारामांच्या काळात तो पराभव कोणत्याही विजयापेक्षा उजळ दिसतो.

तथापि, बाहेर पडल्याने सारे प्रश्न सुटले, असे म्हणणे आत्मवंचना होईल. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत समाजवादी पक्षाला सुमारे साडेदहा टक्के मते पडली, पण लोकसभेत जागा मिळाल्या अवघ्या १२. कम्युनिस्टांनी जेमतेम सव्वातीन टक्के मतांवर १६ जागा मिळविल्या. आपली मते देशभर विखुरलेली होती. त्यांची काही भागांत रुजलेली होती. त्यानंतर १९५५ साली पक्ष फुटला, तोही कोणा बाहेरच्या शत्रूमुळे नव्हे. बाहेर राहणे म्हणजे आपोआप शुद्ध राहणे नव्हे, आणि बलवान होणे तर नव्हेच.

तिसरा मार्ग अशोक मेहतांनी चोखाळला. मागासलेल्या अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सरकारशी सहकार्याची क्षेत्रे शोधली पाहिजेत, हे त्यांचे प्रतिपादन प्रामाणिक होते. काँग्रेसने १९५५ साली आवडीला समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केल्यावर त्याला वजनही आले. नियोजन मंडळाचे उपाध्यक्षपद स्वीकारून १९६४ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले, पुढे केंद्रात मंत्री झाले. १९६८ साली चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले. ते धैर्य वाखाणण्याजोगे होते. परंतु त्यांच्यामागे उभी राहील अशी संघटना आता उरली नव्हती. व्यक्ती आत गेली, विचार दाराबाहेरच राहिला.

सर्वांत कडू धडा १९७७ चा. आणीबाणीविरुद्ध एकजूट हवीच होती, आणि त्याविषयी आज पश्चात्तापाचे कारण नाही. पण एकजूट निराळी आणि विसर्जन निराळे. आपण जनता पक्षात पक्षच विलीन केला. १९७९ मध्ये दुहेरी सदस्यत्वाच्या वादात तो पक्ष फुटला, तेव्हा ज्या गटाच्या मागे शिस्तबद्ध बाह्य संघटना होती, तो पुढल्याच वर्षी नवा पक्ष घेऊन उभा राहिला. समाजवादी मात्र चार वाटांना पांगले. परतायला त्यांचे घर शिल्लक नव्हते.

या साऱ्याचा निष्कर्ष आम्हांला स्पष्ट दिसतो. हातमिळवणी कोणाशी करावी, हे परिस्थिती ठरवील. हुकूमशाहीचा वा धर्मांधतेचा धोका असेल तेव्हा मोठ्या पक्षाबरोबर उभे राहण्यास संकोच नको. परंतु आपले सभासद, आपला कार्यक्रम, आपले मुखपत्र आणि जाहीर मतभेदाचा हक्क यांपैकी काहीही सौद्यात देता कामा नये. ज्या युतीत हे चारही टिकत नाहीत, ती युती नसून शरणागती आहे.

आणि याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे. पुण्यात बाबा आढावांनी हमालांची पंचायत बांधली, तेव्हा कोणत्या पक्षाचे राज्य येईल याची वाट पाहिली नाही. हमाल-माथाडी संघटित झाले, म्हणूनच १९६९ साली काँग्रेसच्याच राजवटीत महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. संघटित श्रमिक पाठीशी असला की विरोधकाच्या हातूनही न्याय मिळविता येतो. तो नसेल तर स्वतःच्या मंत्र्याकडूनही मिळत नाही. साथींनी पुढल्या बैठकीत ‘आत की बाहेर’ हा प्रश्न जरूर विचारावा. मात्र त्याआधी आपल्या तालुक्यात आपल्या हाकेला ओ देणारे शेतमजूर, हमाल आणि मोलकरणी किती, याची मोजदाद करून यावे.