घर हरवलं, हसूही हरवलं!

'रिमेक' म्हटलं की आपल्या कट्ट्यावर निकाल ठरलेला असतो: 'जुनंच भारी होतं!' पण भो, आपला लाडका 'अशी ही बनवाबनवी' हाच मुळात रिमेक आहे! हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' आला १९६६ मध्ये. त्यावरून सचिन पिळगांवकर यांनी १९८८ मध्ये 'बनवाबनवी' केला, लेखन वसंत सबनीसांचं. आज तो हिंदी सिनेमा फारसा कुणाला आठवत नाही, मराठी मात्र पोरांना तोंडपाठ. म्हणजे रिमेक करणं हा काही गुन्हा नाही.

मग २००९ च्या 'पेईंग गेस्ट्स'चं काय बिघडलं? सांगाडा तोच. चार मित्र, राहायला जागा नाही, घरमालकाला जोडपीच हवीत, मग दोघांनी बायका व्हायचं. श्रेयस तळपदे, जावेद जाफरी, जॉनी लिव्हर अशी तगडी टीम. तरी पोट धरून हसू येत नाही. कारण कथा पुण्यातून थेट पटायाला नेली आणि जागेची अडचण उरली नावापुरती.

'बनवाबनवी'त लक्ष्या आणि सचिन साडीत दिसतात, एवढ्यानेच आपण हसत नाही. बिंग फुटलं तर चौघं रस्त्यावर येतील, ही धाकधूक प्रत्येक सीनखाली असते. शिवाय लीलाबाई काळभोरांसारख्या साध्या बाईला फसवतोय, ही टोचणीही. पेच खरा असला की विनोद आपोआप उभा राहतो.

तो पेच आजही जुना झालेला नाही. रावेरहून पुण्याला शिकायला, स्पर्धा परीक्षेची तयारी करायला गेलेल्या कुणालाही विचारा. 'बॅचलर्सना देत नाही', 'फॅमिलीच पाहिजे', डिपॉझिट वेगळं, एजंटचं कमिशन वेगळं. शेवटी कॉट बेसिसवर एका खोलीत चौघं. पोरींना तर वर 'रात्री किती वाजता येणार?' याचंही उत्तर द्यावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं आहे, 'बनवाबनवी'चा रिमेक पुन्हा व्हावा, बिनधास्त व्हावा. पण त्यात सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप असावा, गेटवरचा सीसीटीव्ही असावा आणि यंदा नवरे बनण्याची पाळी दोन पोरींवर यावी. बीच नसला तरी चालेल. भाड्याची खोली मात्र खरी पाहिजे.