दफनाला वर्गणीची पावती मागू नका

महाराष्ट्रातील सर्व ख्रिस्ती मंडळ्यांच्या बिशप महोदयांना,



मी छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात राहते. माझा बाप्तिस्मा झालेला आहे, पण आता कुठल्याच मंडळीच्या यादीत माझे नाव नाही. ते मीच काढून घेतले. सकाळी बायबल उघडते, प्रार्थना करते, रविवारी घरीच असते. माझी मंडळी कोणती, पंथ कोणता, हे इथे लिहीत नाही. एका पाळकाला किंवा एका कमिटीला चव्हाट्यावर आणून काही साधायचे नाही, आणि जालन्या-बीडकडच्या नातलगांकडून मी जे ऐकते ते माझ्या अनुभवाहून फार वेगळे नसते. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

माझी आई वारली त्या दिवशी गावाकडची माणसे अजून वाटेत होती, पेटी दारात आली होती, दिवस कलत चालला होता. भाऊ कब्रस्तानात जागा सांगायला गेला. तिथे कमिटीच्या माणसाने रजिस्टर काढले. आईची वर्गणी थकलेली होती. शेवटची काही वर्षे ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि त्या काळात कमिटीतले कुणी तिच्या उशाशी येऊन बसले नव्हते. पण रजिस्टर नीट ठेवलेले होते. आधी बाकी भरा, मग खड्डा खणायला माणूस पाठवतो, असे भावाला सांगण्यात आले. त्याने शेजाऱ्याकडून पैसे घेतले आणि भरले. ती पावती माझ्याकडे आहे. आईचे नाव, रक्कम, खाली सही, आणि ‘तपशील’ या रकान्यात निळ्या शाईने एकच शब्द: दफन.

पाळकसाहेबांनी कबरेजवळ मनापासून प्रार्थना केली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

पुढच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले. कंपाउंडमधले गाळे कुणाला दिले आहेत, भाडे किती, करार किती वर्षांचा, एवढेच विचारले. देवाच्या घरात असले प्रश्न शोभत नाहीत, असे उत्तर मिळाले. मागे बसलेल्या बायकांनी माझा पदर ओढून मला खाली बसवले. घरी जाताना त्यातलीच एक हळूच म्हणाली, ‘ताई, बरोबर विचारलंत, पण माझ्या पोरीचं लग्न लागायचंय.’ बिशप महोदय, हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा. लग्न, बाप्तिस्मा आणि दफन या तीन गोष्टी कमिटीच्या हातात आहेत, म्हणून माणसे गप्प आहेत. त्या शांततेला तुम्ही मंडळीतली एकी समजू नका.

प्रश्न विचारणे आमच्या रक्तात आले कुठून, हेही सांगते. मराठवाड्यातले आम्ही बहुतेक ख्रिस्ती महार-मांगांच्या घरांतले. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे पारशी पाळक रतनजी नौरोजी आमच्या वस्त्यांत फिरले. नारायण शेषाद्रींनी सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल वसवले. गावच्या विहिरीला ज्यांचा हात लागलेला चालत नव्हता, त्यांना देवाच्या घरात बसायला जागा आणि पोरांना शाळा मिळाली. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी येशूचे नाव घेतले ते कुणापुढे तरी मान खाली घालायचे थांबावे म्हणून. त्यांच्यासाठी राखलेल्या जमिनीचा हिशेब त्यांच्या नातवंडांनी विचारला तर त्यात अधर्म कसला? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जमीन विकायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. सरकारी अधिकाऱ्यापुढे जो कागद ठेवावा लागतो, तो मंडळीपुढे ठेवायला काय हरकत आहे?

सप्टेंबर २०२२ मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या तेव्हाच्या मॉडरेटरना आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपांवरून नागपूर विमानतळावर अटक झाली. याच नागपुरात १९७० साली सहा मंडळ्या एकत्र येऊन ते चर्च उभे राहिले होते. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण वर्तमानपत्रातून ही बातमी वाचणाऱ्या साध्या विश्वासणाऱ्याला काय वाटले असेल, याची विचारपूस करायला कोण गेले?

रेव्हरंड टिळकांची भजने तुम्ही दर रविवारी गाता. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे काम केले आणि १९१७ मध्ये ते मिशनचा पगार सोडून बाहेर पडले. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. मिशनच्या चौकटीत राहून या देशातल्या माणसाला आपला वाटेल असा ख्रिस्त लोकांपुढे ठेवता येणार नाही, असे त्यांचे ठाम मत झाले होते. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. पण ते बाहेर का पडले, हे मी आयुष्यात एकाही उपदेशात ऐकले नाही. पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांनी त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिनना, स्पष्ट कळवले होते की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून आत्ताच सुटले आहे, दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही. त्यांच्या मुक्ती मिशनचे तुम्ही कौतुक करता. मग या पत्राचेही वाचन एखाद्या रविवारी होऊ द्या.

दर वर्षी १० ऑगस्टला तुम्ही काळा दिवस पाळता, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, आम्हाला नाहीत. तुमची मागणी न्यायाची आहे आणि मी त्या मोर्चात आजही चालेन. दिल्लीकडे जो न्याय मागता, तो आपल्या कमिटीच्या खोलीतही द्या.

माझी विनंती साधी आहे. प्रत्येक मंडळीचा तपासलेला जमाखर्च पुनरुत्थानाच्या सणाआधी मराठीत नोटीस बोर्डावर लावायला सांगा. एक इंचही जमीन मंडळीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवल्याशिवाय जाऊ देऊ नका. आणि तुमच्या सहीचे एक परिपत्रक काढा: बाप्तिस्मा झालेल्या कुणाच्याही दफनाआधी थकबाकी विचारली जाणार नाही, त्याचे नाव यादीत असो वा नसो. मी परत येईन की नाही हा माझा प्रश्न आहे. हे परिपत्रक मात्र तुम्ही या महिन्यातही काढू शकता.

आपली,
उस्मानपुऱ्यातील एक बहीण