भिंतीवरचा कागद आणि तो बदलण्याचा अधिकार

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागू झाली आणि थोड्याच दिवसांत घरसजावटीच्या सल्ल्यांचे पेव फुटले. पडदे बदला, सोफा दुसऱ्या भिंतीला लावा, खिडकीत मनीप्लँट ठेवा, म्हणजे कोंडलेल्या मनाला उभारी येईल, असा त्यांचा एकंदर सूर. साहित्याच्या माणसांना अशा लेखनाची टिंगल करण्याचा मोह होतो. पण घरात अडकलेला माणूस आणि त्याची खोली हा साहित्याचाही जुना विषय आहे. सल्ला देणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते. ती अशी की, जो खोलीत अडकला आहे, त्याला ती बदलण्याचा अधिकारही आहे.

या विषयाचा उल्लेख निघाला की हमखास झाविए द मेस्त्रचे नाव घेतले जाते. १७९० साली तुरीन येथे द्वंद्वयुद्धाच्या प्रकरणात या तरुण लष्करी अधिकाऱ्याला ४२ दिवस स्वतःच्याच खोलीत नजरकैदेत ठेवण्यात आले. त्या अवधीत त्याने आपल्या खोलीचे प्रवासवर्णन लिहिले. प्रकरणेही बेचाळीसच. पलंगापासून आरामखुर्चीपर्यंत, भिंतीवरच्या चित्रांपासून आरशापर्यंत तो प्रवास करतो आणि त्या काळातल्या भारदस्त प्रवासवर्णनांची गमतीने टर उडवतो. एकही वस्तू न हलवता त्याची खोली नवी होते, कारण बदलते ती पाहणाऱ्याची नजर. पुस्तक अत्यंत लोभस आहे, यात शंका नाही. तरी वाचताना हेही ध्यानात ठेवावे की त्याची कॉफी त्याचा नोकर जोआनेत्ती करून आणतो, आणि शिक्षेला ठरलेली मुदत आहे. नजर बदलण्याचे सुख अशा माणसाला परवडते. सुटकेच्या दिवशी त्याला चक्क वाईट वाटते!

दुसरे टोक हुइसमान्सच्या 'आ रबूर' (१८८४) या कादंबरीच्या नायकाचे. तो स्वतःहून जगापासून दूर जाऊन घरात कोंडून घेतो आणि पैशाच्या बळावर घराचा कणन्‌कण बदलतो. गालिच्याचे रंग खुलावेत म्हणून एका जिवंत कासवाच्या पाठीवर सोने चढवतो, रत्ने जडवतो, कासव मरते. असो. या दोघांनाही कोणाची परवानगी मागावी लागत नाही, एवढाच मुद्दा येथे पुरे.

शार्लट पर्किन्स गिल्मन यांच्या 'द यलो वॉलपेपर' या १८९२ च्या कथेत सारा प्रश्न परवानगीचाच आहे. बाळंतपणानंतर खचलेल्या निवेदिकेला तिचा डॉक्टर नवरा जॉन विश्रांतीसाठी भाड्याच्या हवेलीत आणतो. तिला खालची, अंगणात उघडणारी, खिडकीवर गुलाब चढलेली खोली हवी असते. मिळते ती माडीवरची, पूर्वी मुलांसाठी वापरलेली. खिडक्यांना गज आणि भिंतींवर किळसवाणा पिवळा कागद. कागद बदलावा, अशी तिची साधी मागणी. जॉन आधी तयार होतो, मग नकार देतो. त्याची कारणे मुळातून वाचण्याजोगी आहेत. आज कागद बदलला की उद्या तो अवजड पलंग निघेल, मग खिडक्यांचे गज, मग जिन्याच्या तोंडाशी असलेले दार. शिवाय तीन महिन्यांच्या भाड्यासाठी एवढा खर्च कोण करणार! दुसरे कारण कोणत्याही घरात ऐकू येईल असे आहे. पहिल्या कारणात मात्र जॉन स्वतःच्या नकळत अगदी खरे बोलून जातो. भिंतीवरचा कागद आणि खिडकीचे गज एकाच साखळीतले आहेत, हे कथेत सर्वांत आधी त्याला कळलेले असते.

१९७३ साली ही कथा नव्याने पुस्तकरूपात आली आणि स्त्रीवादी समीक्षेने तिला मानाचे स्थान दिले. पण पुढे वर्गात ती ज्या रीतीने शिकवली जाते, त्याविषयी माझी तक्रार आहे. कागद म्हणजे पितृसत्ता, कागद म्हणजे संहिता, नक्षीमागची बाई म्हणजे दडपलेले मन, अशी समीकरणे मांडली की विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि खुद्द कागद दिसेनासा होतो. वस्तुतः गिल्मन यांनी तरुणपणी चित्र-आरेखनाचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि जाहिरातीची छोटी रंगीत कार्डे चितारून काही काळ अर्थार्जनही केले होते. कथेतील निवेदिकाही या नक्षीत पुनरावृत्तीचा वा सममितीचा कोणताच नियम पाळलेला नाही, असे जाणकाराच्या अधिकाराने सांगते. हा एका तयार नजरेचा अभिप्राय आहे, आणि नवरा त्याला आजाराचे लक्षण ठरवतो. कथेतला अन्याय या ठिकाणी मला सर्वाधिक बोचतो. १८८७ मध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी प्रत्यक्ष गिल्मन यांना जो उपचार सांगितला, त्यात बौद्धिक व्यवहार दिवसाला दोन तासांपुरता ठेवणे आणि लेखणी, कुंचला वा पेन्सिल पुन्हा कधीही हाती न धरणे, या अटी होत्या. कुंचला या यादीत होता, हे आपण सहसा विसरतो.

यावर असा आक्षेप येईल की कागद बदलला असता तरी ती मुक्त झाली नसती. नव्या कागदाने कैद थोडी सुसह्य झाली असती, इतकेच. आक्षेप खोटा नाही. टाळेबंदीतल्या सजावटीच्या सल्ल्यांनाही तो लागू पडतो. तरीही खोली सुसह्य करून घेणे ही क्षुल्लक मागणी ठरत नाही. आपल्याकडे घर सांभाळण्याची जबाबदारी बाईची मानली जाते. पण भिंतीला कोणता रंग द्यायचा, देवघर कोणत्या दिशेला असावे, सासऱ्यांची खुर्ची खिडकीपासून हलवावी का, हे निर्णय तिचे असतातच असे नाही. भाड्याच्या खोलीत तर साधा खिळा ठोकायलाही घरमालकाला विचारावे लागते. टाळेबंदीत अशा कितीएक घरांत सोफा जागचा हलला नाही, तो आळसामुळेच असे कसे म्हणावे?

म्हणून ही कथा शिकवताना प्रतीकांकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्यांना त्या खोलीतील वस्तूंची यादी करायला सांगावी, आणि प्रत्येक वस्तूपुढे ती हलवण्याची मुभा कोणाला आहे, हे लिहायला लावावे. पलंगापाशी आल्यावर त्यांना थांबावे लागेल. तो जमिनीला खिळ्यांनी ठोकलेला आहे.